दुसऱ्या पाळीची बस

थेरगाव, १२ सप्टेंबर २०२५

चि. ज्योतीराम,

आशीर्वाद आहेतच. ते लिहिल्याने वाढत नाहीत आणि न लिहिल्याने कमी होत नाहीत.

फोन केला की तुझे सोपानराव उचलतात. "आबा मीटिंगमध्ये आहेत," म्हणतात. आमदाराच्या पीएशी बहिणीने घरचं काय बोलायचं? म्हणून कागद घेतला. पाकिटावर ठळक 'खासगी' लिहिलंय, निदान ते तरी दुसऱ्या कुणी फोडू नये.

काल दुपारी डांगे चौकाच्या अलीकडे चाकणच्या एका कंपनीची बस अडवली. तुझ्यापर्यंत बातमी आली असेलच. ती कुणी कशी सांगितली ते मला माहीत नाही, म्हणून मी बघितलं तसं लिहिते.

मी भाजी घेऊन परतत होते. दुसऱ्या पाळीच्या पोरी बसमध्ये चढत होत्या. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते ती मोनिका खिडकीशी बसली होती. मला बघून तिने हात केला. तेवढ्यात मोटारसायकलींवरून सात-आठ पोरं आली, सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. एकाने ड्रायव्हरला खाली ओढलं. "आबांनी सांगितलेलं कळलं नाही का? लेकीबाळींना घरी सोड!" पोरी उतरेनात. मोनिका बीडकडची, आवाज खणखणीत. खिडकीतूनच म्हणाली, "भाऊ, आमचं घर पगारावर चालतंय, तुमच्या भाषणावर नाही." मागच्या दोघी-तिघी हसल्या. मग दगड आला.

काच तिच्या उजव्या डोळ्यात गेली.

माणसं धावली, पोरांनी गाड्या पळवल्या. दगड मारणाऱ्याला गाडीपर्यंत पोचता आलं नाही. तो मंडईमागच्या गल्लीतून पळत सुटला. मी मोनिकाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. भाजी कुठे गेली कुणास ठाऊक.

ज्योती, गणपतीत आरतीनंतर तू बोललास तेव्हा मी पुढच्याच रांगेत होते. "दिवेलागणीला ज्या घरात बाई नाही, त्या घरात लक्ष्मी थांबत नाही. आमच्या लेकींच्या बस संध्याकाळनंतर रस्त्यावर दिसता कामा नयेत. दिसल्या तर आमची पोरं बघून घेतील." केवढ्या टाळ्या पडल्या. मला कळतं तू हे का बोलतोस. गेल्या वर्षी गावातली ती पोर कामावरून येताना गेली, तेव्हा तिच्या तिरडीला तू खांदा दिलास आणि घरी येऊन आईच्या पायाशी बसून रडलास. ते रडणं खरं होतं. पण त्या पोरीला ज्यांनी मारलं ते अजून मोकळे आहेत, आणि बंदी मात्र पोरींवर.

तुझ्या पोरांना आवर. एवढंच सांगायला लिहिलं.

तुझा गणराज कसा आहे? त्याला चार दिवस घरीच ठेव. हवा बरी नाही.

तुझी अक्का


थेरगाव, ३ ऑक्टोबर २०२५

चि. ज्योती,

काल दसऱ्याचं सोनं घेऊन सोपानराव आले. सोबत पेढ्यांचा खोका. तू येशील असं वाटलं होतं. ह्यांनी सकाळीच दाढी केली होती, "मेहुणा येणार," म्हणून.

सोपानराव गोड माणूस आहे. आधी ह्यांच्या साखरेची चौकशी केली. मग म्हणाले, "ताई, त्या मुलीच्या उपचाराचं साहेब बघतायत. काळजी नको."

मी म्हटलं, "डोळा बघतायत का?"

त्यांनी पेढ्यांचा खोका माझ्या हातात दिला. मोनिकाच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. डॉक्टर म्हणतात, उजेड कळेल, माणूस कळणार नाही. तिचं काम वायरिंगचं, रंगीत तारा बघून जोडायचं. एका डोळ्याने जमेल का, हे कंपनीने अजून सांगितलेलं नाही. ती जिना उतरताना आता भिंतीला हात लावून उतरते. परवा मला म्हणाली, "काकू, मला त्याचं तोंड दिसलं नाही. तुम्हाला दिसलं का?" मी म्हणाले, "रुमाल होता गं."

सोपानरावही तेच म्हणाले. "पोलीस परत येतील. चेहरा दिसला नाही, एवढंच सांगायचं. त्यात खोटं थोडंच आहे?"

"खोटं नाही," मी म्हणाले.

ते निश्चिंत होऊन गेले. आणि मी खोका हातात धरून विचार करत बसले, की पोलीस परत येण्याआधी हा माणूस का आला? मला काय दिसलं ते न विचारता, काय दिसलं नाही ते सांगून का गेला?

चौकात तुझा नवा बोर्ड लागलाय. 'धावपटू आमदार.' कॉलेजचा फोटो आहे, आठशे मीटरचा, छातीला फीत लागलेली. भाषणात तू सांगतोस, आईच्या भाकरीवर विद्यापीठाचं सुवर्णपदक आणलं. आईची भाकरी होतीच. पण दूध, अंडी, बदाम आणि ते खिळ्यांचे बूट पिंपरीच्या औषध कंपनीतून आले. गोळ्यांच्या पॅकिंगला मी दुसरी पाळी करत होते. मला हे बोर्डावर नको. पण तू विसरलायस का नुसतं सांगत नाहीस, हे मला समजत नाही. पाळी सुटली की तू गेटवर सायकल घेऊन उभा असायचास. मी सायकल चालवायची, तू शेजारून पळायचास. "अक्का, जोरात मार, जोरात!" रस्ता मोकळा असायचा, तेव्हा भोवती शेतंच होती. कॉलेजचा सराव तुझा मैदानावर व्हायचा, खरा सराव तो होता.

तेव्हा दिवेलागणीला आपल्या घरात बाई नव्हती, ज्योती. आई रानात आणि मी कंपनीत. लक्ष्मी थांबली नाही का?

मी तुझं वाईट चिंतत नाही. शाळेजवळची दारूची दुकानं तू उठवलीस. करोनात दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपलास. मंडळाचा अध्यक्ष, मग नगरसेवक, मग आमदार, प्रत्येक वेळी मी उंबऱ्यात ओवाळलंय. लोक तुला आबा म्हणतात ते उगाच नाही.

पेढे तसेच आहेत. ह्यांना चालत नाहीत, मला जात नाहीत.

अक्का


थेरगाव, २४ ऑक्टोबर २०२५

ज्योती,

काल भाऊबिजेला तू आला नाहीस, म्हणून मीच ताट घेऊन गावी आले. आपलं जे बोलणं झालं ते अर्धवट राहिलं. तू उठून गेलास. आज उरलेलं लिहिते.

तू यायच्या आधी आई ओसरीवर बसली होती. मला म्हणाली, "ज्योत्या घरात न्हाई. आन् आला तरी त्याला काय ईचारू नगं. जेवत न्हाई पोरगं धड."

"कोणतं पोरगं, आई? ज्योती का गणराज?"

"दोघंबी," आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

म्हणजे आईला माहीत आहे. तुझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मग तुझी गाडी आली. मी ओवाळलं. तू ताटात ओवाळणी टाकलीस आणि माणसांना बाहेर जायला सांगितलंस. मला वाटलं, आता बोलेल. तू विचारलंस, "अक्का, तू नक्की काय बघितलंस?"

"चेहरा नाही बघितला."

"मग झालं तर."

"पळताना बघितला."

तू हसलास. "पळण्यावरून कुणी ओळखतं का?"

"मी ओळखते. डावं कोपर बाहेर जातं. मान उजवीकडे कलते. वळणावर पाय टाकताना खांदा आधी वळतो. तीन वर्षं रोज शेजारून बघितलंय मी ते, सायकलवरून. आणि ते पळणं तुझ्यानंतर आख्ख्या जगात एकाच पोराला आलंय."

तुझ्या तोंडाचा रंग गेला, ज्योती. त्याआधी माझ्या मनात एक रवाभर शंका होती. तुझ्याकडे बघून तीही गेली.

मग मी ती गोष्ट काढली, आंतरविद्यापीठ स्पर्धेची. तू पहिला आला होतास. पंचांनी काही बघितलं नव्हतं, कुणी तक्रार केली नव्हती. तू आपणहून टेबलापाशी गेलास आणि म्हणालास, "वळणावर माझा पाय रेषेच्या आत पडला." बाद झालास. घरी आलास तेव्हा मी तुला शिरा करून घातला होता. मला तुझा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला, तेवढा आमदार झालास तेव्हाही नाही.

त्यावर तू जे बोललास ते माझ्या कानातून जात नाही. "आणि त्याचं काय मिळालं मला? दुसरा आला त्याला रेल्वेत नोकरी लागली. मी पाच वर्षं मंडळाच्या वर्गण्या गोळा करत फिरलो. खरं बोलणाऱ्याला लोक शाबास म्हणतात, अक्का, आणि नोकरी दुसऱ्याला देतात. मी त्या दिवशी शिकलो ते शिकलो."

मी बोलायला लागले तर तू उठलास. दारातून म्हणालास, "एक परका डोळा आणि घरचं एक पोर. तूच तोल."

ते तोलायला मला रात्र लागली. उत्तर असं आहे. मोनिकाची आई मंजुळाबाई बीडहून आलीय, आमच्याकडेच राहते. पोरीचे केस ती विंचरते तेव्हा पोर डोळा मिटून घेते, दोन्ही. मी रोज त्यांना चहा देते. तुला परका दिसणारा डोळा माझ्या घरात राहतो. आणि गणराजच्या बारशाला त्याचं नाव मी त्याच्या कानात सांगितलंय. मला काहीच परकं नाही, म्हणून मला तोलता येत नाही.

मी अजून पोलिसांकडे गेलेले नाही. तू त्याला घेऊन जा. बापाने नेलेलं वेगळं, पोलिसांनी नेलेलं वेगळं. मी थांबते.

तुझी बहीण


थेरगाव, १९ नोव्हेंबर २०२५

ज्योती,

तुझं उत्तर नाही. सोपानरावांचा फोनही बंद झाला.

गेल्या आठवड्यात कंपनीने फलक लावला. दुसऱ्या पाळीत महिला घेणार नाहीत. सुरक्षेच्या कारणास्तव म्हणे. आमच्या गल्लीतल्या सहा पोरींनी खोल्या सोडल्या. कुणी लातूरला गेली, कुणी बहिणीकडे. खाली टेम्पोत गाद्या बांधत होत्या. त्यातली एक माझ्यापाशी येऊन म्हणाली, "काकू, आमदार तुमचे भाऊ ना? त्यांना सांगा, आम्ही घरी चाललोय. घरी माझं लग्न ठरवून ठेवलंय." तिने रागाने सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

फलक लागला त्याच संध्याकाळी थेरगावात तुझा सत्कार झाला. संस्कृतिरक्षक. फटाक्यांचा आवाज आमच्या खोलीपर्यंत आला. मोनिका म्हणाली, "काय जिंकलं, काकू?" हे म्हणाले, "झोप बाळा."

हे तसे कमी बोलतात. आज जेवताना मला म्हणाले, "तुझा भाऊ आहे म्हणून दोन महिने गप्प बसलो. पण तू थांबलीयस ते कुणासाठी? ज्योतीरामसाठी, का तुझ्या माहेरच्या उंबऱ्यासाठी?"

मी ताटं उचलून मोरीत नेली.

हिवाळी अधिवेशनात तू हाच विषय मांडणार आहेस असं पेपरात आलंय. साऱ्या राज्यासाठी कायदा करा म्हणणार आहेस. त्याआधी ये. एकदा ये. मोनिकाच्या समोर बस, काही बोलू नकोस, नुसता बस. मग नागपूरला जा आणि तुला वाटेल ते बोल.

अक्का


वाकड, १० डिसेंबर २०२५

ज्योती,

तू नागपूरला आहेस. फोन लागत नाही, सभागृहात असशील. हे पत्र पोस्टाने येईपर्यंत फार उशीर होईल, म्हणून पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून लिहितेय आणि फोटो काढून सोपानरावांना पाठवतेय. सोपानराव, तुम्ही वाचाल हे मला माहीत आहे. वाचा. पण मग उठा आणि त्याच्या हातात द्या.

आज सकाळी गणराज आला. एकटाच, रिक्षाने. मी ओट्यापाशी होते. दारातून म्हणाला, "आत्या, आत येऊ का?" माझ्या घरात त्याने कधी असं विचारलं नव्हतं. खूप वाळलाय. मी बस म्हणाले, भाकरी वाढली. त्याने तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

"आत्या, तू माझं नाव सांगणार आहेस ना?"

"कुणी सांगितलं तुला?"

"पप्पा आजीला सांगत होते. तुला माझं पळणं दिसलं म्हणून." मग म्हणाला, "मी काच फोडणार होतो, नुसती. पोरी हसल्या म्हणून डोकं फिरलं. खिडकीतली ती मला दिसलीच नव्हती, हसू फक्त ऐकू आलं."

मी विचारलं, "तुला तिथे जायला कुणी सांगितलं होतं?"

त्याने हातातला तुकडा ताटात परत ठेवला. मग बोलला. तुझा फोन आला होता म्हणे आदल्या दिवशी. तू म्हणालास, "एक बस अडवा. हात लावू नका, पण धाक बसला पाहिजे. पेपरात यायला पाहिजे." हे शब्द त्याने सांगितले तसे लिहितेय. खोटे असतील तर तू मला सांग. मी देवापुढे हात जोडून माफी मागेन.

पण मला ते खोटे वाटले नाहीत.

तेवढ्यात वरून मोनिका पाणी भरायला खाली आली. तिला माहीत नाही हा कोण. तिने विचारलं, "काकू, पाहुणे?" मी म्हणाले, "माझा भाचा." तिने त्याच्याकडे तोंड केलं, चांगल्या डोळ्याने बघता यावं म्हणून मान जरा वळवून. "बसा दादा," म्हणाली, आणि हंडा घेऊन भिंतीच्या आधाराने जिना चढायला लागली. गणराज उठला. मला वाटलं पळतो. तो तिच्या मागे गेला, हंडा घेतला, वर ठेवून आला. खाली येऊन उंबऱ्यात बसला आणि लहान पोरासारखा रडला. तिला त्याने काही सांगितलं नाही. म्हणाला, "आधी तिकडे सांगतो, आत्या. मग तिला सांगायचं तोंड होईल माझं. तू येतेस का बरोबर?"

मी ह्यांना बोलावलं. आम्ही तिघं रिक्षाने आलो. रस्ताभर त्याने माझा हात सोडला नाही.

इथले साहेब तरुण आहेत. आधी त्यांना खरंच वाटेना. दोनदा विचारलं, "तुम्ही आमदारसाहेबांचे चिरंजीव?" मग दुसऱ्या एकाला बोलावून घेतलं. गणराजने सगळं नीट सांगितलं. बस, दगड, गल्ली, रुमाल कुठे टाकला ते. बरोबरच्यांची नावं विचारली तर म्हणाला, ती तुम्ही शोधा, मी माझं सांगायला आलोय. आवाज कापत होता पण थांबला नाही. मला मधे बोलावं लागलं नाही.

मग साहेबांनी विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून केलं?"

ज्योती, त्याने माझ्याकडे बघितलं. सकाळी जे माझ्या स्वयंपाकघरात सांगितलं ते इथे सांगायचं होतं. मी काहीच केलं नाही. मान हलवली नाही, डोळ्याने खुणावलं नाही.

"कुणाच्या नाही," तो म्हणाला. "माझ्या मनाने."

साहेबांनी लिहून घेतलं.

आख्ख्या जबानीत त्याने एवढं एकच खोटं सांगितलं. ते तुझ्यासाठी. माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी गिळलं. ह्यांनी बाहेर आल्यावर विचारलं, "का बोलली नाहीस?" मी म्हणाले, ते वाक्य दुसऱ्याचं आहे, ज्याचं आहे तो येऊन बोलेल. हे म्हणाले, "आणि नाही आला तर?" मी म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघते. मग मलाही परत आत जावं लागेल.

वकील पाठवायचा तर पाठव, बाप म्हणून तो तुझा हक्क आहे. पण त्याला जबाब फिरवायला लावू नकोस. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा तो जेवला. ह्यांनी समोरच्या हॉटेलातून पोळीभाजी आणून दिली, सगळी संपवली.

पुण्याला विमानाने आलास तर दिवेलागणीच्या आत पोचशील. घरी जाऊ नकोस, आईला मी सांगितलंय. माझ्याकडेही नको. सरळ इथे ये. गणराज आतल्या बाकावर बसलाय, दाराकडे तोंड करून.

अक्का